प्रवेश परीक्षांतील गणित व भौतिकशास्त्र : तयारी (शिरूर तालुका, पुणे जिल्हा)

निवासी शाळा, अभियांत्रिकी, वैद्यक आणि संरक्षण दले यांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या स्पर्धा परीक्षांत गणित व भौतिकशास्त्राचे जे प्रश्न येतात, त्यांच्या तयारीविषयीची ही नोंद. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक व परिसरातील विद्यार्थ्यापुढे प्राथमिक शाळेपासून बारावीपर्यंत या परीक्षा ज्या क्रमाने येतात, तोच क्रम येथे ठेवला आहे. वढू बुद्रुक हे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले गाव कोरेगाव भीमाजवळ आहे. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील सणसवाडी, शिक्रापूर व रांजणगाव ही औद्योगिक गावे याच तालुक्यात येतात. शेती आणि कारखान्यांतील नोकरी अशा दोन्ही प्रकारच्या घरांतील मुले या परीक्षांना बसतात.

शिष्यवृत्ती परीक्षा : स्पर्धा परीक्षेतील गणिताशी पहिली गाठ येथे पडते. पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. पूर्वी ती चौथी व सातवीला होती, नंतर पाचवी व आठवीला आली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. पहिल्या पेपरात प्रथम भाषा व गणित, तर दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी असते. प्रत्येक पेपर ७५ प्रश्नांचा व १५० गुणांचा असतो. पहिल्या पेपरातील ७५ पैकी ५० प्रश्न गणिताचे असल्याने निकाल बहुतांशी गणितावर ठरतो. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत यासाठी शिक्षक जादा तास घेतात.

नवोदय निवड चाचणी : पुणे जिल्ह्यासाठीचे जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यातच, शिक्रापूर येथे आहे. त्यामुळे या भागात ‘नवोदयला बसवणे’ हा शब्दप्रयोग पाचवीच्या वर्गात सर्रास ऐकू येतो. नवोदय योजनेची सुरुवात १९८५-८६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात दोन विद्यालयांनी झाली. त्यांपैकी एक महाराष्ट्रात, अमरावतीला होते, तर दुसरे हरियाणात झज्जरला. सहावीसाठी ८० जागा असतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी राखलेल्या असतात. चाचणी दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची असते : मानसिक क्षमतेचे ४०, अंकगणिताचे २० व भाषेचे २० प्रश्न. मराठीतून परीक्षा देता येते. सहावीसाठी ही संधी एकदाच मिळते.

अंकगणित भागात लसावि, मसावि, अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, काळ-काम-वेग आणि क्षेत्रफळ हे घटक येतात. तीन घंटा दर ९, १२ व १५ मिनिटांनी वाजत असतील, तर एकत्र वाजल्यावर पुन्हा किती वेळाने एकत्र वाजतील, हा या पातळीवरचा ठरावीक प्रश्न आहे. लसावि १८० येतो, म्हणजे उत्तर तीन तास. पण पर्यायांत ‘३६ मिनिटे’ असेल (९, १२ व १५ यांची बेरीज) तर घाईत तोच पर्याय रंगवला जातो. चुकीचा पर्याय नेमक्या कोणत्या चुकीतून येतो हे मुलाला दाखवणे हा या तयारीचा गाभा आहे. पुढे बारावीपर्यंतच्या परीक्षांतही हेच करावे लागते, फक्त प्रकरणे बदलतात.

एनएमएमएस : आठवीतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती. यात बौद्धिक क्षमता व शालेय क्षमता या दोन चाचण्या असतात.

प्रश्नामागचा वेळ : विषय तेच असले तरी वरील व पुढे येणाऱ्या परीक्षांचा वेग वेगवेगळा आहे. एकूण वेळेला प्रश्नसंख्येने भागले असता नवोदयमध्ये एका प्रश्नाला ९० सेकंद, एनडीएच्या गणितात ७५, नीटमध्ये ६०, जेईई मेनमध्ये १४४, सीईटीच्या गणितात १०८ आणि सीईटीच्या भौतिक–रसायन पेपरात केवळ ५४ सेकंद मिळतात. सराव कशाचा करायचा हे या आकड्यांवरून ठरते. ५४ सेकंदांत सूत्राची सिद्धता मांडता येत नाही, सूत्र तयारच असावे लागते. १४४ सेकंदांत दोन प्रकरणे जोडणारा प्रश्न विचारता येतो आणि जेईईत तो विचारला जातो.

एमएचटी-सीईटी : राज्यातील अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषी अभ्यासक्रमांसाठीची सामाईक प्रवेश परीक्षा. २०१५ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेला राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ती घेतो. २०१४ व २०१५ या दोन वर्षी राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेन व बारावीच्या गुणांवर झाले. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. २०१८ पर्यंत परीक्षा कागदावर होई. २०१९ पासून ती संगणकावर, अनेक सत्रांत होते, आणि गुणांऐवजी पर्सेंटाइल जाहीर होते.

अभियांत्रिकी गटात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे आणि गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे असतात. दोन्ही पेपर ९० मिनिटांचे. २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. एकूण पर्सेंटाइल समान आल्यास आधी गणिताचे आणि मग भौतिकशास्त्राचे पर्सेंटाइल पाहिले जाते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये हा सर्वमान्य नियम. भौतिक–रसायनाची ९० मिनिटे संपल्याखेरीज गणिताचा पेपर उघडत नाही. एका विषयाचा वाचलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही, आणि घरी केलेल्या सरावात नेमके हेच विसरले जाते.

अभ्यासक्रमात अकरावीचा भाग सुमारे २० टक्के व बारावीचा ८० टक्के असतो. अकरावीची सर्व प्रकरणे नसतात. भौतिकशास्त्रातून प्रतलातील गती, गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, पदार्थांचे औष्णिक गुणधर्म, ध्वनी, प्रकाश, स्थितिक विद्युत व अर्धवाहक ही प्रकरणे घेतली आहेत. गणितात सरळ रेषा, वर्तुळ, संमिश्र संख्या, क्रमचय व संचय, संभाव्यता, फलने, सीमा इत्यादी प्रकरणे आहेत. प्रश्न बालभारतीच्या पुस्तकांवर आधारित असतात. अकरावीची सध्याची पुस्तके २०१९ ची व बारावीची २०२० ची आहेत. अकरावीचे वर्ष ‘आरामाचे’ समजून बारावीत सगळे उरकण्याची सवय २० टक्क्यांच्या या हिशेबामुळे पडते. प्रत्यक्षात मात्र अकरावीची त्रिकोणमिती व सदिश यांच्याशिवाय बारावीची प्रकरणे पुढे सरकत नाहीत.

२०२५ मध्ये एका सत्रातील गणिताच्या २१ प्रश्नांत चुका आढळल्याने त्या सत्राची ५ मे रोजी फेरपरीक्षा झाली. वेगवेगळ्या सत्रांच्या काठिण्यपातळीची तुलना किती न्याय्य होते, याबद्दल मतभेद आहेत.

जेईई : आयआयटींची संयुक्त परीक्षा १९६० च्या दशकापासून होत आली. २०१३ मध्ये तिचे मेन व अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन टप्पे झाले. २०१९ पासून मेन परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) वर्षातून दोनदा घेते. २०२१ पासून ती मराठीसह १३ भाषांत देता येते. मेनमध्ये तीन विषयांचे मिळून ७५ प्रश्न व ३०० गुण असतात. चुकीच्या पर्यायाला एक गुण कापला जातो. काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तराची संख्याच भरावी लागते. त्यामुळे पर्यायांवरून मागे जाऊन उत्तर शोधण्याची सीईटीतील युक्ती तेथे चालत नाही. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तीन तासांचे दोन पेपर असतात व त्यांची रचना दरवर्षी बदलू शकते. गणितीय तर्कशास्त्र २०२४ पासून जेईई मेनमधून वगळले गेले आणि रेषीय प्रायोजन तेथे नाही. सीईटीत ही दोन्ही प्रकरणे आहेत आणि कमी श्रमात गुण देणारी म्हणून ती आधी तयार केली जातात.

नीट : वैद्यकीय प्रवेशाच्या या परीक्षेत भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न, ७२० पैकी १८० गुण. गणित नसल्याने जीवशास्त्र गटातील अनेक विद्यार्थी अकरावीलाच गणित सोडतात, आणि पुढे भौतिकशास्त्रात लॉगॅरिदम, सदिश व सोपे डेरिव्हेटिव्ह यांपाशी अडतात. पुस्तक कोणते वाचावे या प्रश्नाला २०२४ च्या परीक्षेने वेगळेच वजन दिले. अणूच्या स्थिरतेविषयीच्या एका भौतिकशास्त्राच्या प्रश्नाला एनटीएने दोन उत्तरे ग्राह्य धरली होती, कारण जुन्या व नव्या पाठ्यपुस्तकांतील विधाने वेगळी होती. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले. त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि सुधारित निकालात पैकीच्या पैकी गुण मिळवणारे १७ उरले.

एनडीए : खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. गणिताचा पेपर १२० प्रश्नांचा, ३०० गुणांचा व अडीच तासांचा असतो. भौतिकशास्त्र सामान्य क्षमता चाचणीत येते. चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण कापले जातात. राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगर येथे मुलांची तयारी करून घेते.

मुलींचा सहभाग : मुलींना एनडीएची परीक्षा २०२१ पासून खुली झाली. मुलींसाठीची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था नाशिक येथे आहे.

गणित : बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागातील आठ प्रकरणांपैकी सहा डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन व त्यांच्या उपयोजनांची आहेत. म्हणून तयारीचा मोठा वाटा तेथे जातो. एक नमुना : शून्यापासून पाय-छेद-दोनपर्यंत ‘साइन एक्स भागिले साइन एक्स अधिक कॉस एक्स’ याचे इंटिग्रेशन. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत याला पायऱ्या लिहाव्या लागतात. एक्सच्या जागी ‘पाय-छेद-दोन वजा एक्स’ ठेवले की अंशात साइनऐवजी कॉस येतो. दोन्ही रूपांची बेरीज केली की आत केवळ १ उरतो, बेरीज पाय-छेद-दोन येते आणि उत्तर तिच्या निम्मे, पाय-छेद-चार. सीईटीत हे सर्व डोक्यात व्हावे लागते, त्यामुळे पर्यायावर क्लिक करायला दहा सेकंदही लागत नाहीत. मात्र छेदातल्या दोन पदांपैकी एकाला २ ने गुणले की ही सममिती मोडते आणि पाठ केलेले उत्तर चुकते. पायऱ्या लिहून सराव केलेल्या विद्यार्थ्याला हा फरक प्रश्न वाचतानाच दिसतो. नुसती ‘ट्रिक’ घोकलेल्याला तो दिसत नाही. बोर्डाची तयारी व सीईटीची तयारी वेगळी करावी की एकच, या जुन्या वादात हा मुद्दा पायऱ्यांच्या बाजूने जातो.

भौतिकशास्त्र : येथे अडचण बहुधा आकडेमोडीची नसते. प्रश्नात नेमके काय विचारले आहे हे सुटते. पृथ्वीच्या पृष्ठभागालगत फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग सुमारे ७.९ व मुक्तिवेग ११.२ किलोमीटर प्रतिसेकंद. उपग्रह निसटून जाण्यासाठी वेग किती टक्के वाढवावा असे विचारले तर उत्तर ४१.४ आणि गतिज ऊर्जा किती टक्के वाढवावी असे विचारले तर १००. दोन्ही आकडे पर्यायांत असतात. बारावीच्या पुस्तकात १६ प्रकरणे आहेत. त्यांपैकी घूर्णन गतिकी, आंदोलने, प्रत्यावर्ती विद्युत् परिपथ व अर्धवाहक यांचे प्रश्न सुटसुटीत सूत्रांत बसतात, म्हणून उजळणीत ती आधी घेतली जातात. उत्तराची मिती तपासणे आणि एखादी राशी शून्य किंवा फार मोठी मानून पर्याय गाळणे, या दोन सवयी सर्व परीक्षांत उपयोगी पडतात.

साधने : बालभारतीची पुस्तके, एनसीईआरटीची पुस्तके, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका व बाजारातील डायजेस्ट. जेईईसाठी एच. सी. वर्मा यांचे दोन खंडांतील ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ आणि एस. एल. लोनी यांची एकोणिसाव्या शतकातील त्रिकोणमिती व निर्देशक भूमितीची पुस्तके अजूनही वापरात आहेत. लोनींची उदाहरणे संख्येने भरपूर पण सीईटीच्या वेगाला निरुपयोगी, असे मत अध्यापकांत आढळते.

संस्था व योजना : शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यात कडूसजवळ दक्षणा फाउंडेशनचा निवासी परिसर आहे. २००७ मध्ये सुरू झालेली ही संस्था देशभरातील नवोदय विद्यालयांतून निवडलेल्या विद्यार्थ्यांना जेईई व नीटचे मोफत मार्गदर्शन देते. नागपूर येथील महाज्योती ही शासकीय संस्था इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट व सीईटीचे ऑनलाइन प्रशिक्षण, टॅब व इंटरनेट डेटा देते. पुणे येथील भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापली. तेथील ऑलिंपियाडचे प्रशिक्षण प्रवेश परीक्षेसाठी नसते, परंतु जेईई अ‍ॅडव्हान्स्डचे गणित त्यामुळे हलके जाते.

लातूर पॅटर्न : राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी जोडलेली पद्धत. जादा तास, सततच्या चाचण्या व उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी ही तिची लक्षणे.

खासगी क्लास : वाघोली व पुणे येथे मोठ्या संख्येने. कनिष्ठ महाविद्यालय व क्लास यांच्या ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेला आळा घालण्यासाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये काही शहरी विभागांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. जानेवारी २०२४ मधील केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये. या उपायांच्या परिणामाबद्दल एकमत नाही.

बारावीच्या गुणांचे स्थान : राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के आवश्यक. आयआयटी व एनआयटीसाठी ७५ टक्के किंवा मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते.

पर्यायी मार्ग : दहावीनंतर पदविका पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्यासाठी प्रवेश परीक्षा नाही.