२३ फेब्रुवारी : एका लष्करी सणाची जन्मकथा

रशियात दरवर्षी २३ फेब्रुवारीला साजरा होणारा ‘पितृभूमिरक्षक दिन’ हा मुळात लाल सेनेचा, म्हणजे १९१७ च्या बोल्शेविक क्रांतीनंतर उभारलेल्या कामगार-शेतकऱ्यांच्या फौजेचा, वर्धापनदिन होय. परंतु त्या तारखेला ना ही सेना स्थापन झाली, ना तिने एखादी मोठी लढाई जिंकली. सेना उभारण्याचा हुकूमनामा लोककमिसार परिषदेने, म्हणजे नव्या राजवटीच्या मंत्रिमंडळाने, २८ जानेवारी १९१८ रोजी काढला होता आणि नौदलाचा हुकूमनामा ११ फेब्रुवारीस निघाला होता. तत्कालीन कागदपत्रांत या तारखा तेरा दिवस मागच्या आढळतात, कारण रशियात तोवर जुनी ज्युलियन कालगणना चालू होती. ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी धरून ती त्याच वर्षी मोडीत काढण्यात आली. झारशाहीत शूर सैनिकांच्या गौरवाचा दिवस २६ नोव्हेंबर हा होता, कारण सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने १७६९ साली त्या दिवशी सेंट जॉर्जच्या नावाचे लष्करी सन्मानपदक सुरू केले होते. संताच्या नावाचा तो दिवस बोल्शेविकांना चालणारा नव्हता.

२३ फेब्रुवारी १९१८ हा दिवस प्रत्यक्षात नामुष्कीचा होता. ब्रेस्त-लितोव्स्क येथे जर्मनीशी चाललेल्या तहाच्या वाटाघाटी परराष्ट्र कमिसार ट्रॉट्स्कीने १० फेब्रुवारीस सोडून दिल्या, त्यानंतर आठच दिवसांनी, १८ फेब्रुवारीस, जर्मन फौजांनी पुन्हा चढाई सुरू केली आणि जुने रशियन सैन्य आधीच विस्कटलेले असल्यामुळे त्यांना अडवणारे फारसे कोणी उरले नव्हते. २१ तारखेला समाजवादी पितृभूमी संकटात असल्याचे जाहीर करून स्वयंसेवकांना हाक देण्यात आली. २३ तारखेला पेत्रोग्राद येथे सभा भरल्या आणि सैन्यभरती जोरात झाली, हे खरे. पण त्याच दिवशी जर्मनीच्या अधिक कठोर अटी हाती पडल्या आणि त्या मान्य न झाल्यास आपण पद सोडू, असे लेनिनने बजावल्यावर पक्षाच्या मध्यवर्ती समितीने सात विरुद्ध चार मतांनी त्या पत्करल्या, तर चौघे तटस्थ राहिले. पुढील एकदोन दिवसांत प्स्कोव्ह शहर जर्मनांच्या हाती गेले, ३ मार्चला तहावर सह्या झाल्या आणि ४ मार्चला नार्वाही पडले. नार्वाच्या आघाडीवर खलाशांची तुकडी घेऊन गेलेला पावेल दिबेन्को माघार घेऊन परतला, म्हणून त्याच्यावर खटला चालला, जरी त्यातून तो निर्दोष सुटला.

मग ही तारीख आली कुठून? सेनेच्या पहिल्या वर्धापनदिनाचा प्रस्ताव उच्च लष्करी निरीक्षण विभागाचा प्रमुख निकोलाय पोद्वोइस्की याने जानेवारी १९१९ मध्ये मांडला. २८ जानेवारी ही त्याने सुचवलेली तारीख योग्यच होती, परंतु प्रस्ताव उशिरा पोहोचल्यामुळे तो वरिष्ठ पातळीवर फेटाळला गेला. मॉस्कोच्या सोव्हिएतने, म्हणजे तेथील लोकप्रतिनिधींच्या मंडळाने, तोडगा काढला : आघाडीवरच्या सैनिकांसाठी नागरिकांकडून भेटवस्तू गोळा करण्याचा ‘लाल भेट दिन’ १७ फेब्रुवारीला ठरलाच होता, त्यालाच हा वर्धापनदिन जोडून टाकावा. पण १७ फेब्रुवारी हा सोमवार निघाला, कामाच्या दिवशी मिरवणुका काढणे सोयीचे नव्हते, म्हणून दोन्ही कार्यक्रम पुढच्या रविवारी गेले आणि तो रविवार होता २३ तारखेचा. राजवटीच्या एका थोर सणाचा मुहूर्त अशा रीतीने टपालाच्या दिरंगाईने आणि आठवड्याच्या सुट्टीने ठरवला. यादवी युद्धाच्या धामधुमीत पुढील दोन वर्षे सण झालाच नाही. १९२२ पासून मात्र तो त्याच तारखेला नियमाने पाळला जाऊ लागला, आणि मुळात ती का निवडली हे विचारण्याचे कोणाला कारण राहिले नाही.

विशेष हे की, १९३३ पर्यंत हे सत्य झाकलेले नव्हते. संरक्षण खात्याचा प्रमुख क्लिमेंत वोरोशिलोव्ह याने त्या वर्षी पक्षाच्या ‘प्राव्दा’ या मुखपत्रातून ही तारीख बरीचशी योगायोगाची असल्याचे मान्य केले होते. पाच वर्षांत चित्र पालटले. १९३८ साली सेनेच्या विसाव्या वर्धापनदिनाचे पदक निघाले, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पक्षाच्या अधिकृत संक्षिप्त इतिहासाने प्स्कोव्ह व नार्वा येथे जर्मनांना रोखल्याची कथा मांडली आणि १९४२ च्या आज्ञापत्र क्रमांक ५५ मध्ये स्तालिनने तिला जर्मनांच्या संपूर्ण पराभवाचे रूप दिले. नार्वाची खरी हकीकत सांगू शकला असता तो दिबेन्को १९३८ च्याच जुलैत गोळी घालून ठार केला गेला होता. तरीही हा केवळ खोटेपणाचा हव्यास म्हणून सोडून देता येत नाही, कारण १९४२ मध्ये शत्रू पुन्हा जर्मनच होता आणि त्याला पूर्वी एकदा हरवल्याची आठवण, रचलेली का होईना, सैन्याला हवी होती. पुढच्याच वर्षी स्तालिनग्राद येथे खरा विजय मिळाला. फेब्रुवारी १९४३ मध्ये लाल सेना दिन लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही साजरा झाला, आणि इकडे मुंबईच्या कामगारवस्तीत अण्णाभाऊ साठे यांच्या स्तालिनग्रादच्या पोवाड्यातून त्या सेनेची कीर्ती मराठीत आली.

याच सणाची एक काळी बाजू कॉकेशस पर्वतराजीत आहे. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी चेचेन आणि इंगुश या दोन लोकसमूहांची सरसकट हद्दपारी सुरू झाली. अनेक गावांत पुरुषांना लाल सेना दिनाच्या सभेचे निमित्त सांगून एकत्र जमवण्यात आले आणि तेथूनच ताब्यात घेण्यात आले. जवळजवळ पाच लाख माणसे मालगाड्यांतून मध्य आशियात धाडली गेली, वाटेत व तेथे पोहोचल्यावर हजारो दगावली आणि उरलेल्यांना परतीची वाट १९५७ मध्ये खुली झाली. तेथील घराघरांत ही तारीख शोकाची ठरली.

सणाचे नाव मात्र राजवटीसोबत बदलत गेले. महायुद्धानंतर लाल सेनेचे ‘सोव्हिएत सेना’ असे नामांतर झाल्यावर हा ‘सोव्हिएत सेना व नौदल दिन’ झाला. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर १९९५ च्या कायद्याने त्याला पितृभूमिरक्षकांचे नाव दिले, पण सोबत १९१८ मध्ये कैसरच्या सैन्यावर मिळवलेल्या विजयाचा उल्लेखही ठेवला. तो उल्लेख गळायला २००६ साल उजाडावे लागले. दरम्यान २००२ पासून हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा झाला होता. त्या कथित विजयाचे, प्स्कोव्हजवळ १९६९ साली उभारलेले संगिनीच्या आकाराचे उंच स्मारक मात्र अद्याप जागच्या जागी आहे.

शासकीय विधी ठरलेले आहेत : क्रेमलिनच्या भिंतीलगत अज्ञात सैनिकाच्या समाधीवर पुष्पचक्र, मोठ्या शहरांत संध्याकाळी आतषबाजीची सलामी, दूरचित्रवाणीवर ‘अधिकारी’ हा १९७१ चा चित्रपट. लोकांनी मात्र या दिवसाला स्वतःचा अर्थ दिला. सोव्हिएत काळात सक्तीच्या लष्करी सेवेमुळे जवळजवळ प्रत्येक पुरुष आजी, माजी किंवा भावी सैनिक ठरत असल्यामुळे सेनेचा दिवस हळूहळू सगळ्याच पुरुषांचा दिवस झाला आणि ८ मार्चच्या महिला दिनाचा जोडीदार बनला. शाळेत मुली वर्गातल्या मुलांना शुभेच्छापत्रे देतात, कचेरीत स्त्रिया सहकाऱ्यांसाठी खाऊपिऊचे टेबल मांडतात, आणि भेट म्हणून मोजे व दाढीचा फेस इतक्या वेळा दिले जातात की त्यांवर विनोद करणे हीसुद्धा परंपराच झाली आहे. दोन आठवड्यांनी पुरुषांनी फुले आणून परतफेड करायची असते. या जोडीत कालगणनेची एक गंमत दडली आहे, कारण पेत्रोग्रादच्या कामगार स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि झारशाही कोसळायला सुरुवात झाली तो १९१७ चा महिला दिन जुन्या पंचांगानुसार २३ फेब्रुवारीलाच होता.

शेजारी देशांत बेलारूस आणि किर्गिझस्तान यांनी ही तारीख राखली. कझाकस्तानने आपल्या सेनेच्या स्थापनेचा ७ मे हा दिवस निवडला, तर युक्रेनने रशियाशी संघर्ष सुरू झाल्यावर २०१४ मध्ये आपला रक्षक दिन १४ ऑक्टोबरला नेला आणि २०२३ पासून तो १ ऑक्टोबरला पाळायला सुरुवात केली.