‘ब्रह्मचारी’: पोशाखापलीकडचे

हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) म्हटला की मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख आठवतो. वर्गात आम्हीही वर्षानुवर्षे तेवढेच सांगत आलो. आज पुन्हा पाहताना मात्र आचार्य अत्रे यांनी केलेला उपहास त्या पोशाखाहून अधिक धाडसी वाटतो. ब्रह्मचर्यावरील व्याख्यानाने भारावलेला औदुंबर (मास्टर विनायक, दिग्दर्शकही तेच) जमवलेल्या नट्यांच्या तसबिरी फेकून देतो. देशसेवेसाठी आधी स्त्री वर्ज्य करावी, या समजुतीलाच अत्रे हसतात. किशोरी लाजत वाट पाहत बसत नाही. प्रेमात पुढाकार तिचाच. तरी एक गोष्ट खटकते. औदुंबराला हास्यास्पद का होईना, एक ध्येय मिळाले. किशोरीच्या वाट्याला केवळ त्याचे व्रत मोडणे आले. तिला आणखी काही हवे होते का, हे चित्रपट विचारीत नाही. वर्गात आम्हीही कधी विचारले नाही.