दोन संस्थाने, दोन विद्यापीठे आणि एक हिशेब

बडोदेकर आणि हैदराबादकर मराठी मंडळी एका पंगतीला बसली की संस्थानी थोरवीचा विषय निघतोच. मग गाडी विद्यापीठांवर येते : मालमत्ता कोणाची मोठी, उस्मानियाची की आपल्या सयाजीराव विद्यापीठाची? आम्ही पडलो सरकारी नोकर. कागद पाहिल्याशिवाय आम्हांला मत देता येत नाही.

जमिनीपुरता वाद लगेच मिटतो. उस्मानियाला अडिकमेट येथे सुमारे 1600 एकर जागा मिळाली. आपल्याकडचे सगळे आवार जोडले तरी तिचा पाचवा हिस्सा भरत नाही. रोख रकमांचे मात्र जपून बोलावे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले. 100 कलदार रुपयांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, असा दर. म्हणजे तिकडच्या आकड्यातून आधी सातवा हिस्सा वजा करायचा, मग बडोद्याशी तुलना.

पण खरी गंमत पुढे आहे. 1917 च्या फर्मानानंतर उस्मानियात उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचे ठरले. इंग्रजीवाचून पदवी, ही त्या काळी मोठी धाडसाची गोष्ट, हे मान्य केलेच पाहिजे. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले आणि विज्ञान, कायदा, वैद्यक यांची शेकडो पुस्तके उर्दूत आली. 1948 नंतर माध्यम इंग्रजी झाले आणि पाठ्यपुस्तके म्हणून त्यांची किंमत जवळपास शून्यावर आली. शिवाय या विद्यापीठाचा पैसा औरंगाबाद, बीड, नांदेडच्या मराठी रयतेच्या साऱ्यातूनही गेला होता. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल तिथून मुले काढली गेली, तेव्हा त्यांना आसरा नागपूर विद्यापीठाने दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच.

आता आपल्याकडचे. बडोदा कॉलेज 1881 पासूनचे, पण ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले. सयाजीरावांनी आधी प्राथमिक शाळांवर खर्च केला : 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग आणि 1906 पासून राज्यभर सक्तीचे मोफत शिक्षण. (हाही पैसा मुख्यतः गुजराती शेतकऱ्याचा, हे आपण मराठी लोक सोयीने विसरतो.) महाराज 1939 मध्ये वारले, विद्यापीठ त्यांनी पाहिले नाही. ते स्थापन झाले 30 एप्रिल 1949 रोजी, आणि दुसऱ्याच दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. एक दिवस उरला होता! हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या.

विद्यापीठाला वारशात प्राच्यविद्या मंदिर आणि तिथला हस्तलिखितांचा संग्रह मिळाला. देशभरातल्या पोथ्या ताडून त्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1975 या काळात सात खंडांत काढली. रामायणाचा अभ्यासक जगात कुठेही असो, त्याला ती उघडावी लागते. डेडस्टॉक रजिस्टरात मात्र हे सात खंड छापील किमतीलाच चढवावे लागतील. पोथ्या ताडण्यात गेलेल्या वर्षांसाठी त्यात रकाना नाही. अडिकमेटच्या एकरांना तशी अडचण नाही, त्यांचा बाजारभाव कोणीही सांगेल.