फळ्यामागचे डबे

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. तास चालू असताना शिपाई कागद घेऊन आला. सर म्हणाले, "बी.सी. स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही सात जण उभे राहिलो. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. सह्या झाल्या, बसलो. त्यानंतर वर्षभर त्या तासाला मी एक प्रश्न विचारला नाही. सर वाईट नव्हते हो. शिवी नाही, हाकलणं नाही. मग तक्रार तरी कशाची करणार?

दोस्तांनो, हे दुखणं जुनं आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा पोरं धावली ती फळ्यामागचे जेवणाचे डबे उचलायला. बाटतील म्हणून. तोच भीमराव कोलंबिया, लंडन बघून १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला. तर प्राध्यापकांच्या माठातलं पाणी त्यानं पिऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनीच हरकत घेतली. आधी डबा, मग माठ. मधे एवढ्या पदव्या.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती हे सगळं भोगून. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं, आणि तास ठेवले सकाळी. आपण हे वाचून पुढे जातो. थांबा जरा. दुपारचं कॉलेज कुणाचं? ज्याला दुपारी पोटामागे पळावं लागत नाही त्याचं. वेळापत्रकसुद्धा वतनदारी करतं. बाबासाहेबांनी नोकरी करणाऱ्या पोराला वेळ बदल म्हटलं नाही, कॉलेजची वेळ बदलली.

१९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं. पुढे त्याचं नाव मिलिंद, आवाराचं नागसेनवन. ही नावं शोभेची नाहीत. मिलिंद प्रश्न विचारणारा राजा, नागसेन उत्तर देणारा भिक्खू. आणि बोलण्याआधी भिक्खूनं अट घातली, की पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा नाही. कारण राजाला विरोध केला की तो दंड देतो. वर्गात कुणी कुणाचा राजा नाही, हे त्या पाटीवरच लिहिलंय. मराठवाड्यातल्या खेड्यातली पोरं तिथं आली, प्रश्न विचारायला लागली, मग लिहायला लागली. 'अस्मितादर्श' त्याच मातीतून आलं.

२०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं भेदभावाविरुद्ध नियम केले, समान संधी कक्ष नेमायला सांगितले. त्यानंतर २०१६ ला हैदराबादेत रोहित गेला, २०१९ ला मुंबईत पायल तडवी.

मी आता शिकवतो. यादी आली की घडी करून खिशात घालतो, तास सुटल्यावर एकेकाला गाठतो. एक सहकारी म्हणाला, एवढा व्याप कशाला? त्याला फळ्यामागच्या डब्यांची गोष्ट सांगितली.

"ते जुनं झालं," तो म्हणाला आणि त्याच्या वर्गाची यादी घेऊन तासाला गेला. व्हरांड्यातून मला त्याचा आवाज ऐकू येत होता. नावं वाचत होता.