कुमारांचा ऑनलाइन छळ : मोजणीचा इतिहास आणि शब्दाचा प्रश्न

कुमारवयीन मुलांचा ऑनलाइन छळ किती प्रमाणात होतो, या प्रश्नास गेल्या पंचवीस वर्षांत मिळालेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. 2012 साली मायक्रोसॉफ्टने 25 देशांत केलेल्या पाहणीत 8 ते 17 वयाच्या भारतीय मुलांपैकी 53 टक्के मुलांना असा अनुभव आल्याचे आढळले. 2020 मध्ये ‘चाइल्ड राइट्स अँड यू’ या संस्थेने दिल्ली परिसरातील 630 कुमारांच्या पाहणीवरून हे प्रमाण 9.2 टक्के दिले. 2022 मध्ये मॅकॅफी कंपनीने तेच 85 टक्क्यांवर नेले. वस्तुस्थिती दहा वर्षांत एवढी खालीवर झाली असेल, हे संभवत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पाहणीत चेष्टा, नावे ठेवणे, तुसडी वागणूक हे सारेच जमेस धरले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या तफावतीचा बराचसा उलगडा होतो.

मोजणीची शास्त्रीय पद्धत प्रथम अमेरिकेत घातली गेली. डेव्हिड फिंकेलहोर, किंबर्ली मिचेल व जेनिस वोलाक या न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील अभ्यासकांनी 1999-2000 मध्ये 10 ते 17 वयाच्या 1,501 मुलांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारले. त्यांनी नकोशी लैंगिक विचारणा आणि धमकी-बदनामीसारखा उपद्रव यांची गणना वेगवेगळी केली. 2005 व 2010 मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा पहिल्या प्रकाराचे प्रमाण 19 वरून 13 व पुढे 9 टक्क्यांवर उतरले होते, तर दुसऱ्याचे 6 वरून 9 व 11 टक्क्यांवर चढले होते. दोहोंस एकाच नावाखाली मोजले असते, तर हा उलटा प्रवास कोणाच्याही दृष्टीस पडला नसता.

शाळेतील दांडगाईचा अभ्यास करणारे नॉर्वेतील डॅन ओल्वेउस यांनी तिच्या व्याख्येत हेतू, पुनरावृत्ती आणि बलाची विषमता या तीन अटी घातल्या होत्या. त्यांपैकी पुनरावृत्तीची अट ऑनलाइन व्यवहारात अवघडते. एकदाच पाठविलेले चित्र शंभर हातांनी पुढे जाते. मग छळ एकदा झाला की शंभरदा?

भारतात कायद्याने निराळीच वाट धरली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात 2008 च्या दुरुस्तीने घातलेले कलम 67-ब मुलांच्या अश्लील चित्रणासंबंधी आहे. उपद्रवकारक संदेशांसाठी त्याच दुरुस्तीने आलेले कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले, आणि ते योग्यच झाले; त्याची भाषा इतकी सैल होती की त्यात काहीही बसविता येई. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने 2020 साली मुलांविरुद्धचे ऑनलाइन गुन्हे देशभरात 842 नोंदविले; पैकी 738 अश्लील चित्रणाचे आणि 137 गुन्हे महाराष्ट्रातील होते. तात्पर्य, शासनाच्या आकड्यात मुख्यत्वे चित्रे मोजली जातात. टोमणे, बहिष्कार, खोट्या नावाने केलेली निंदा यांचा त्यात क्वचितच शिरकाव होतो.

छत्रपती संभाजीनगर तर या विभागाच्या महानगरांच्या कोष्टकातही नाही. त्यात 20 लाखांवरील 19 शहरे आहेत, आणि या शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेबारा लाख होती. येथे स्वतंत्र पाहणी करावयाची झाल्यास पहिली अडचण भाषेची आहे. मराठीत ‘छळ’ म्हणजे यातना देणे. संस्कृतात व हिंदीत ‘छल’ म्हणजे कपट. ‘छेडछाड’ म्हटले की मराठी कानास रस्त्यावरची मुलगी दिसते, मुलगा दिसत नाही. उर्दू शाळेतील विद्यार्थी ‘सताना’, ‘तंग करना’ म्हणेल. एकाच शहरातील तीन वर्गांत एकच प्रश्नावली शब्दशः भाषांतरून फिरविली, तर तीन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या जातील. ‘तुझा छळ झाला काय?’ या प्रश्नास नकार देणारी मुलगी ‘तुला न विचारता तुझे छायाचित्र कोणी पुढे पाठविले काय?’ या प्रश्नास होकार देऊ शकते. दिल्लीच्या पाहणीत त्रास झाल्याचे सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो शिक्षकांस, पालकांस वा कंपनीस कळविलाच नव्हता.