मेंदूतील गाठींचा शोध : चांदीपासून हिरव्या प्रकाशापर्यंत

इ. स. १९०६ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील ट्युबिंगन येथे भरलेल्या एका सभेत डॉ. आलोइस आल्झायमर यांनी आपल्या एका दिवंगत स्त्री-रुग्णाच्या मेंदूविषयी निवेदन केले. चांदीच्या क्षाराने रंगविलेल्या कापांत त्यांना पेशींतील काळे गुंते व पेशींबाहेरील साके दिसले होते. सभेने त्याची फारशी दखल घेतली नाही. पुढे १९१२ साली फ्रीड्रिख लेवी यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतील निराळ्याच गोलसर कणांचे वर्णन केले. पण चांदी काय सांगणार? काहीतरी साचले आहे, एवढेच. ते काय आहे हे कळण्यास अनेक दशके जावी लागली.

ज्यांनी ही वाट घालून दिली त्या आल्बर्ट कून्स यांचे नाव आपल्याकडे क्वचितच ऐकू येते. मला हे अन्यायाचे वाटते. हार्वर्डचे हे तरुण डॉक्टर १९३९ साली बर्लिनला गेले असता त्यांच्या मनात मेंदू नव्हताच, संधिज्वर होता. त्या ज्वरात हृदयात होणाऱ्या गाठींमध्ये जंतूंचा अंश असतो काय, हा त्यांचा प्रश्न. प्रतिपिंड आपले लक्ष्य अचूक ओळखून त्यास चिकटते. मग त्यालाच चकाकणारा रंग जोडला तर? १९४१ साली सहकाऱ्यांसह त्यांनी न्यूमोनियाच्या जंतूंवरील प्रतिपिंडास तसा रंग जोडला आणि जंबुपार किरणांत ते जंतू निळे उजळले. अडचण अशी की, शरीरातील ऊतकेही मुळात निळसर चमकतात. तेव्हा हिरव्या प्रकाशाचे फ्लुओरेसीन निवडावे लागले.

मेंदूच्या गाठींची ओळख पटली तीही प्रतिपिंडांमुळेच. लेवींच्या कणांत आल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन असते, असे मारिया स्पिलांतिनी व सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. त्याच वर्षी काही कंपवाती कुटुंबांत याच प्रथिनाच्या जनुकातील दोष सापडला होता. दोन धागे जुळले. आल्झायमरच्या गुंत्यांतील टाऊ आणि साक्यांतील अमिलॉइड ही प्रथिने तर आता एकाच कापावर दोन रंगांत निरनिराळी पाहता येतात.

कून्स यांची अडचण मात्र संपलेली नाही. वयाबरोबर मेंदूच्या पेशींत लिपोफ्युसिन नावाचे रंगद्रव्य साचते व तेही आपणहून चमकते. नवशिका त्यालाच गाठ समजतो. म्हणून प्रतिपिंड न लावलेला एक काप तुलनेसाठी शेजारी ठेवतात, किंवा सुदान ब्लॅक या रंगाने ती चमक झाकतात. साठी उलटलेल्या आम्हां मंडळींच्या मेंदूत हे रंगद्रव्य असणारच. ते रोगाचे लक्षण नव्हे.