पालुपदामागचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरखान्यातील कागद, ताम्रपट, नाणी आणि बखरी डोळ्यांपुढे येतात. पोवाडा हेही इतिहासाचे एक साधन होय, हे महाराष्ट्राने फार पूर्वीच ओळखले आहे. मात्र पोवाड्यातून इतिहास वेचावयाचा तर तो शेवटपर्यंत ऐकावा लागतो. डफाच्या तालावर उसळणारे पालुपद तेवढे ध्यानात ठेवून घरी परतणाऱ्याच्या पदरी आवेश पडतो. वृत्तांत मात्र मागेच राहतो. अमेरिकेतील रॉक संगीताचे ज्येष्ठ गायक आणि गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या एका गीताच्या बाबतीत नेमके हेच घडले, आणि तेही साऱ्या राष्ट्रासमक्ष.

स्प्रिंगस्टीन यांचा जन्म २३ सप्टेंबर १९४९ रोजी न्यू जर्सी राज्यात झाला, आणि त्यांचे बालपण त्याच राज्यातील फ्रीहोल्ड या लहानशा गावी गेले. वडील कधी गालिच्यांच्या गिरणीत, कधी मोटारींच्या कारखान्यात, तर कधी तुरुंगावर पहारेकरी म्हणून काम करीत. आज हाताला काम आहे, उद्या असेलच असे नाही, ही धास्ती त्या घराच्या नित्य परिचयाची होती. पुढे साठीच्या दशकात गावातील ती गिरणीही बंद पडली. ‘माय होमटाऊन’ म्हणजे ‘माझे गाव’ या त्यांच्या गीताला हीच पार्श्वभूमी आहे. आठ वर्षांचा मुलगा वडिलांच्या मांडीवर बसून मोटारीचे चक्र धरतो आणि वडील त्याला गाव दाखवितात. पुढील कडव्यांत गोऱ्या-काळ्यांमधील तेढ येते, ओस पडलेली दुकाने येतात, कापडगिरणीला टाळे लागते. अखेरीस पस्तिशीला पोहोचलेला तोच मुलगा गाव सोडून जाण्याचा विचार करीत असता आपल्या लेकराला मांडीवर घेऊन तीच फेरी मारतो. पालुपद आरंभी जे असते तेच अखेरीसही असते. परंतु आरंभी ज्यात अभिमान होता, त्यात आता निरोपाची व्यथा मिसळलेली असते.

पालुपदाचा अर्थ कडव्यांनी पालटावा, ही त्यांच्या रचनेची मुख्य रीत होय. सर्वांत गाजलेल्या ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ या गीतात तर तिचे टोकच गाठले गेले आहे. या शीर्षकाचा अर्थ इतकाच की ‘मी अमेरिकेत जन्मलो’. त्याचा उगम व्हिएतनामच्या युद्धात आहे. स्प्रिंगस्टीन यांच्या तरुणपणीच्या ‘कॅस्टिल्स’ या वाद्यवृंदातील ढोलवादक बार्ट हेन्स हा सैन्यात गेला आणि १९६७ साली व्हिएतनाममध्ये मारला गेला. स्वतः स्प्रिंगस्टीन वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरले. आपल्याऐवजी कोण गेला असेल, हा प्रश्न त्यांच्या मनातून पुढेही गेला नाही. त्या युद्धात जखमी होऊन कायमचे पंगू झालेले रॉन कोविक यांचे आत्मचरित्र त्यांनी वाचले, पुढे कोविक यांची भेटही झाली, आणि २० ऑगस्ट १९८१ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या साह्यार्थ जलसा केला.

या अनुभवांतून ते गीत सिद्ध झाले. आडगावचा एक तरुण काही भानगडीत सापडतो. त्याच्या हाती बंदूक देऊन त्याला परदेशी लढण्यास धाडले जाते. तो परततो, तेव्हा तेलशुद्धीच्या कारखान्यात त्याला काम मिळत नाही, आणि माजी सैनिकांच्या कचेरीतील अधिकारीही हात झटकून मोकळा होतो. खे सान येथे लढलेला त्याचा भाऊ आता या जगात नाही. दहा वर्षे लोटली तरी कोठे जावे हे त्याला उमगत नाही. त्या युद्धात ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिक मरण पावले. जे जिवंत परतले त्यांपैकी अनेकांची कहाणी या चार-दोन कडव्यांत सामावली आहे.

गीताचे पहिले ध्वनिमुद्रण जानेवारी १९८२ मध्ये झाले ते केवळ गिटारच्या साथीवर. स्प्रिंगस्टीन यांनी ते आपल्या राहत्या घरी साध्या कॅसेटयंत्रावर केले होते, आणि त्यात खिन्नतेखेरीज दुसरा सूर नव्हता. त्याच वर्षी सर्व वाद्यांसह पुन्हा मुद्रण झाले. त्यात ढोलांचा गडगडाट आणि रणशिंगासारखी सुरावट आली, आणि जून १९८४ मध्ये हेच रूप लोकांपुढे गेले. श्रोत्यांनी मुठी उंचावून पालुपद उचलले. ते वर्ष राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचे होते. १९ सप्टेंबर १९८४ रोजी न्यू जर्सीतील हॅमंटन येथील प्रचारसभेत राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी या भूमिपुत्राच्या गीतांतील आशेच्या संदेशाचा गौरवाने उल्लेख केला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पिट्सबर्ग येथील जलशात स्प्रिंगस्टीन यांनी, राष्ट्राध्यक्षांनी आपली नेमकी कोणती ध्वनिमुद्रिका ऐकली असावी, अशी मिस्कील शंका बोलून दाखविली, आणि ‘जॉनी ९९’ हे गीत गायिले. न्यू जर्सीतील माह्वा येथील फोर्ड कंपनीचा कारखाना १९८० साली बंद झाला होता. तेथे काम गमावलेला एक मनुष्य दारूच्या धुंदीत खून करतो आणि जन्माचा तुरुंगवास ओढवून घेतो, असे त्याचे कथानक आहे. त्या सभेला यापेक्षा मार्मिक उत्तर देणे कठीण होते.

तथापि पालुपद खोटे होते आणि कडवी तेवढी खरी होती, असे मानणेही एकांगी ठरेल. त्या सैनिकाजवळ आता नोकरी नाही, भाऊ नाही, मार्ग नाही. ज्यावर तो हक्क सांगू शकेल अशी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे त्याचा जन्म. ‘मी येथलाच आहे’ ही त्याची आरोळी अभिमानाची आहे आणि फिर्यादीचीही. ज्या देशाने आपल्याला दूर सारले, त्या देशाला तो आपले म्हणणे सोडीत नाही.

हाच हक्क १९९५ सालच्या ‘यंग्सटाऊन’ या गीतात एक पोलादकामगार मागतो. ओहायो राज्यातील या नगराच्या परिसरात १८०३ च्या सुमारास लोखंडाची पहिली भट्टी उभी राहिली. येथल्या लोखंडावर आणि पोलादावर पुढे युद्धे लढली गेली. १९ सप्टेंबर १९७७ रोजी, सोमवारी, तेथील मोठ्या पोलाद कंपनीने आपला एक प्रमुख कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि सुमारे ५,००० कामगारांची रोजी गेली. तो दिवस तेथे ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. डेल महारिज आणि मायकेल विल्यमसन या पत्रकारद्वयाच्या १९८५ सालच्या ग्रंथावरून स्प्रिंगस्टीन यांना हे गीत स्फुरले. कामगार त्यात ‘जेनी’ला उद्देशून बोलतो. ऐकणाऱ्यास ती त्याची प्रेयसी वाटते; वस्तुतः ते ‘जॅनेट’ नावाच्या प्रचंड झोतभट्टीचे लाडके नाव होय. जानेवारी १९९६ मध्ये स्प्रिंगस्टीन यांनी त्याच गावी जाऊन हे गीत गायिले, तेव्हा जेनी विझलेली पण उभी होती. पुढल्याच वर्षी ती पाडण्यात आली.

पालुपदच तेवढे ऐकण्याचा दोष केवळ राज्यकर्त्यांकडे होता असेही नाही. ४ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यू यॉर्क येथे आमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. त्यावरील ‘अमेरिकन स्किन’ या गीतात ४१ ही संख्या पुनःपुन्हा येते. जून २००० मध्ये ते गायिले जाताच पोलिसांच्या एका संघटनेने त्यांच्या जलशांवर बहिष्काराची हाक दिली. परंतु पहिल्याच कडव्यात प्रेताजवळ गुडघे टेकून त्याच्या प्राणांसाठी प्रार्थना करणारा पोलीस आहे, आणि नंतरच्या कडव्यात शाळेला निघालेल्या मुलाला, पोलिसाने हटकले तर हात दिसतील असे ठेव, म्हणून बजावणारी आई आहे. भीती दोन्हीकडे आहे, हे ज्यांनी कडवी ऐकली त्यांनाच कळले.

सप्टेंबर १९८८ मध्ये मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची चाळिशी साजरी करणाऱ्या संगीतयात्रेत स्प्रिंगस्टीन दिल्लीस येऊन गायिले होते. त्यांच्या गीतांचा विषय पाहता ते निमित्त सर्वथा यथोचित होते. सैनिक, पोलादकामगार, गाव सोडणारा बाप आणि मुलाला जपणारी आई ही सारी माणसे आपल्या देशाजवळ फारसे काही मागत नाहीत. आपल्याला येथले मानावे, एवढेच त्यांचे मागणे आहे. इतिहासाच्या पोथ्यांत त्यांची गणना संख्येने होते. या गीतांत त्यांना आवाज मिळाला आहे. तो आवाज कडव्यांतून ओळखीचा झाला, म्हणजे मग पालुपद खुशाल मोठ्याने म्हणावे.